होर्हे पास्केलचा हंगाम : मेक्सिको, १९४६

टाम्पिको हे मेक्सिकोच्या आखातावरचं तेलाचं बंदर. तिथल्या बेसबॉलच्या मैदानातून, आउटफिल्डमधून, रेल्वेचे रूळ गेले होते. सामना रंगात आला असताना गाडी आली की खेळ थांबायचा. गाडी निघून गेली की पुन्हा सुरू. संघाचं नाव ‘अलिहादोरेस’, म्हणजे जहाजांवरचा माल उतरवणारे. त्यांच्याच संघटनेचा तो संघ. मेक्सिकन लीगचं विजेतेपद १९४५ आणि १९४६ अशी लागोपाठ दोन वर्षं या गोदीवाल्यांकडे गेलं.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण १९४६च्या हंगामाबद्दल इतकं बोललं जातं, पण त्यात विजेत्याचं नाव क्वचितच निघतं. निघतं ते पैशाचं आणि होर्हे पास्केल या माणसाचं, ज्यानं त्या वर्षी बक्कळ पगार देऊन अमेरिकेतले खेळाडू मेक्सिकोत आणले.

पास्केल १९०७ साली व्हेराक्रूझमध्ये जन्मला. भावांच्या साथीनं त्यानं जकातीच्या दलालीत बक्कळ पैसा केला. मिगेल आलेमान हा त्याचा जुना दोस्त, आणि तो आलेमान १९४६मध्येच देशाचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. आता पास्केलकडे बघा. लीगचा अध्यक्ष तोच, व्हेराक्रूझ संघाचा मालकही तोच, आणि त्याचा हा व्हेराक्रूझचा संघ आपले सामने खेळायचा मेक्सिको सिटीत, डेल्टा पार्कवर, कारण प्रेक्षक तिथे जास्त. तुम्ही हसताय, तुम्हाला कोणाकोणाची आठवण येतेय ते मला कळतंय. आपण त्यात शिरायला नको.

१९१४मध्ये अमेरिकेच्या नौदलानं व्हेराक्रूझ ताब्यात घेतलं, तेव्हा पास्केल जेमतेम सात वर्षांचा होता. अमेरिकेवरचा त्याचा राग तिथला, असं सांगतात. मला हे अर्धंच पटतं. त्याला अमेरिकन बेसबॉल नकोसा कुठे होता? हवाच होता, फक्त आपल्या मालकीचा.

मेक्सिकन लीग १९२५ची. पण तिला खरी झळाळी आली ती १९४०च्या आसपास, आणि ती आणली अमेरिकेतल्या काळ्या खेळाडूंनी. जॉश गिब्सन, कूल पापा बेल, रे डँड्रिज, विली वेल्स, मॉन्टी अर्विन. यातल्या एकालाही तेव्हा अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, पाऊल ठेवता येत नव्हतं. मेक्सिकोत त्यांना चांगला पगार मिळे, हव्या त्या हॉटेलात उतरता येई, हव्या त्या खाणावळीत जेवता येई. विली वेल्सनं १९४४मध्ये पिट्सबर्गच्या ‘कुरियर’ या काळ्यांच्या वृत्तपत्राला सांगितलं होतं की अमेरिकेत मी आधी निग्रो असतो, इथे मी माणूस आहे. तेव्हा १९४६मध्ये पास्केलनं ‘अमेरिकन तारे’ आणले हे वाक्य ऐकलं की मी थोडा थांबतो. तारे आधीपासून होतेच. नवीन होतं ते इतकंच की आता गोरे येऊ लागले, आणि तेव्हाच कुठे अमेरिकेतल्या मालकांची झोप उडाली.

ते का आले? त्या वेळच्या करारात एक कलम असायचं, ‘रिझर्व्ह क्लॉज’. वर्षाचा करार संपला तरी पुढच्या वर्षीसाठी खेळाडूवर क्लबचाच हक्क, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तोच, असं कायमचं. मालक तुम्हाला विकू शकतो, बदलीत देऊ शकतो, घरी बसवू शकतो. तुम्ही मात्र स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नाही. त्यात महायुद्ध संपलेलं, सैन्यातून खेळाडू परतताहेत, हात भरपूर आणि जागा मोजक्या. मालकांनी हात आखडता घेतला. नेमका तेव्हाच पास्केल नोटांची पुडकी घेऊन उभा राहिला.

न्यूयॉर्क जायंट्सचा डॅनी गार्डेला आदल्या वर्षी १८ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारून बसला होता. पगारावरून क्लबशी वाजलं आणि तो मेक्सिकोला गेला. ब्रुकलिनचा कॅचर मिकी ओवेन गेला. सेंट लुई कार्डिनल्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मॅक्स लॅनियर (बेसबॉलमध्ये सामन्याची हार-जीत पिचरच्या नावावर मांडतात) तर त्या हंगामात सहा सामने जिंकून एकही न हरता निघाला, सोबत लू क्लाइन आणि फ्रेड मार्टिन. त्याच कार्डिनल्सच्या स्टॅन म्युझिअलला वर्षाला १३,५०० डॉलर मिळत. त्याच्यापुढे ५०,००० डॉलरचे चेक मांडले गेले. त्यानं नाही म्हटलं. व्हर्न स्टीफन्स आला, दोन सामने खेळला आणि माघारी पळाला. अमेरिकेतला हंगाम सुरू होण्याच्या आत परतल्यामुळे तो वाचला. बाकीच्यांना मेजर लीगचे कमिशनर हॅपी चँडलर यांनी पाच वर्षं बाहेर ठेवलं.

आपल्याकडच्या श्रोत्यांना इथे केरी पॅकर किंवा २००७ची आयसीएल आठवणारच. आठवू द्या. बंडखोर लीग, मग बंदी, मग तडजोड, हा क्रम ओळखीचा आहे.

मैदानावर काय चाललं होतं ते पाहायला मला पुएब्लाला जायला आवडतं. पुएब्ला समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरच्या वर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. साल मॅग्ली हा जायंट्सचा तिशीजवळ आलेला, अजून नाव न झालेला पिचर तिथे आला. संघाचा मॅनेजर होता अडोल्फो लुके, हवानाचा, एकेकाळी सिनसिनाटीकडून एका हंगामात २७ सामने जिंकलेला आणि तोंडानं फटकळ. एक दिवस डोंगरावर, दुसऱ्या दिवशी मॉन्टेरी किंवा टाम्पिकोच्या उष्ण, जड हवेत. अशा ठिकाणी वेगवेगळे कर्व्ह, म्हणजे वळणारे चेंडू, शिकल्याशिवाय पिचरला गत्यंतर नसतं. बॅटरला प्लेटपासून (तो जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीपासून) मागे हटवायला चेंडू हनुवटीशी कसा टाकायचा, हेही लुकेनं शिकवलं. मॅग्लीनं १९४६ आणि १९४७ अशा दोन्ही हंगामांत वीस-वीस सामने जिंकले. त्याच पुएब्लाच्या संघात बेटो आविला नावाचा व्हेराक्रूझचा पोरगा सेकंड बेसवर खेळत होता. १९५४मध्ये त्यानं अमेरिकन लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एका भागाची) बॅटिंग चँपियनशिप मिळवली, ती क्लीव्हलंडकडून.

पैसा टिकला नाही. मैदानं लहान, तिकिटं स्वस्त, पगार अफाट. हिशेब जुळणार कसा? ओवेन ऑगस्टमध्येच सीमा ओलांडून परतला. १९४७मध्ये पगारांना कात्री लागली, १९४८चा हंगाम अर्ध्यात कोसळला आणि पास्केल बाजूला झाला. १९५५मध्ये विमान अपघातात तो गेला.

आता टाम्पिकोचा मॅनेजर. आर्मान्दो मार्सान्स, क्यूबाचा. १९१४मध्ये हाच मार्सान्स सिनसिनाटी रेड्स सोडून फेडरल लीग या तेव्हाच्या बंडखोर लीगमध्ये गेला होता आणि रेड्सनी कोर्टातून त्याच्या खेळण्यावर मनाई आणली होती. ती फेडरल लीग बुडाली, पण तिच्या एका क्लबचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९२२मध्ये कोर्टानं ठरवलं की बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागत नाही. मालकांची सगळी मिजास या निकालावर उभी होती.

गार्डेलानं त्यालाच हात घातला. त्यानं १९४६साठी जायंट्सबरोबर करारच केला नव्हता. करार असता तर मोडला म्हणता आलं असतं ना? तरी त्याच्यावर बंदी होती, ती केवळ त्या राखीव कलमामुळे. त्याचं म्हणणं असं की आता सामने रेडिओवरून आणि टेलिव्हिजनवरून राज्याराज्यांत जातात, मग हा व्यापार नाही कसा? फेब्रुवारी १९४९मध्ये अपील कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं त्याचा खटला चालवायला परवानगी दिली. न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी त्या कलमाची तुलना वेठबिगारीशी केली. जूनमध्ये चँडलरनी बंदी उठवली. त्याच वर्षी गार्डेलानं पैसे घेऊन खटला मिटवला. कलमाला धक्का बसायला पुढे १९७५ उजाडलं. दरम्यान १९४६मध्येच, एकीकडे मेक्सिकोचा धसका आणि दुसरीकडे खेळाडूंच्या संघटनेची हालचाल पाहून, मालकांनी ५,००० डॉलरचा किमान पगार आणि पेन्शन कबूल केली होती. मेक्सिकोला न गेलेल्यांनाही पास्केलचा फायदा झाला तो असा.

मॅग्ली परतला आणि १९५०मध्ये जायंट्सकडून १८ सामने जिंकला, चार हरला. गार्डेलाला त्या वर्षी कार्डिनल्सकडून एकदाच बॅटिंग मिळाली. आणि रे डँड्रिज? मेक्सिकोत वर्षानुवर्षं खेळलेल्या या थर्ड बेसमनवर कुणाला बंदी घालावीच लागली नव्हती. १९४९मध्ये जायंट्सनी त्याला घेतलं, पण मिनियापोलिसच्या मायनर, म्हणजे खालच्या लीगमधल्या, संघात ठेवलं. १९५०मध्ये तो त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मेजर लीगमध्ये त्याला एकही सामना खेळायला बोलावलं नाही. १९८७मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं तेव्हा तो ७३ वर्षांचा होता.