नळ्यांचा एक्स-रे

[पडद्यावर: ओपीडीबाहेरचं बाक. एका बाईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिपोर्ट.]

मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे आलेल्या बाईच्या मांडीवर अशी पिशवी हमखास दिसते. सोनोग्राफी, रक्त, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. नवऱ्याच्या नावाचा मात्र पुष्कळदा एकही कागद नसतो.

मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण सापडतं. आणि वीर्यतपासणीला ना सुई लागते, ना भूल. २ ते ७ दिवस संबंध टाळायचे आणि डबीत नमुना द्यायचा. तेवढंही न करता बाईला टेबलावर झोपवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावं. बाईचं वय ३५च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच.

[पडद्यावर: भिंतीवरचं कॅलेंडर. एका तारखेभोवती लाल वर्तुळ.]

पाळी आली तो पहिला दिवस. पुढचा सगळा हिशेब तिथून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हार्मोन्ससाठी रक्त. नवव्या-दहाव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी. अंडाशयातला एक बीजकोष वाढत वाढत २० मिलिमीटरच्या आसपास पोचतो, फुटतो, आणि बीज बाहेर पडतं. ते खरंच पडलं का, हे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या रक्ततपासणीतून कळतं. ती सरसकट २१व्या दिवशी करतात, इथे चूक होते. पाळी ३५ दिवसांनी येत असेल, तर रक्त २८व्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, घ्यायला हवं. नाहीतर बीज तयार होत असूनही 'होत नाही' असा शिक्का बसतो.

एएमएच या हार्मोनच्या रक्ततपासणीचा आकडा कमी आला की बायका हादरतात. तो आकडा साधारण किती बीजं शिल्लक आहेत ते सांगतो, ती कशी आहेत ते नाही. तो कमी असूनही दिवस जाऊ शकतात.

[पडद्यावर: एक्स-रे खोली. रिकामं टेबल, बाजूला घडी घातलेली चादर.]

आता ती तपासणी, जिची धास्ती सगळ्यांनाच असते. एचएसजी, म्हणजे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा एक्स-रे. पाळी थांबल्यावर, बीज सुटायच्या आधी करतात. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी आत जाते, तिच्यातून एक्स-रेत दिसणारं औषध सोडतात, आणि पडद्यावर आधी एक पांढरा त्रिकोण उमटतो. मग त्याच्या दोन कोपऱ्यांतून दोन धागे निघतात. त्या गर्भनलिका. धाग्याच्या टोकाला औषध पोटात सांडलं, म्हणजे वाट मोकळी.

काही मिनिटांचंच काम. पण ओटीपोटात पाळीसारखी, कधी त्याहून जोराची कळ येते. "एवढंसं दुखेल" म्हणून ते उडवून लावू नये. तासभर आधी वेदनाशामक गोळी देता येते, जवळ एखादी नर्स उभी राहू शकते, प्रत्येक पायरी आधी सांगता येते. शिवाय दुखण्यानं, भीतीनं गर्भनलिका आखडली, तरी फोटोत ती बंद दिसते. म्हणून एकाच एक्स-रेवरून 'नळ्या बंद' हा निकाल शेवटचा नसतो. पोटात दुर्बीण घालून, निळा रंग सोडून तो पडताळता येतो. सोनोग्राफीतून निसटलेला एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजारही, त्याच दुर्बिणीत सापडतो.

आपल्याकडे नळ्या खराब व्हायचं एक मोठं कारण आहे क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, पाळीसुद्धा कित्येकदा नियमित. तो आत गुपचूप नळ्या खात राहतो. संशय आला तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. मात्र नुसती पीसीआर, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, पॉझिटिव्ह आली, म्हणून क्षयरोग पक्का होत नाही. औषधं सुरू करण्याआधी बाकीचे पुरावेही जुळायला हवेत.

[पडद्यावर: पुन्हा तेच बाक. पिशवी आता जाड झालेली.]

कधी कधी दोघांचेही सगळे रिपोर्ट चांगले येतात. डॉक्टर कागदावर 'अनएक्स्प्लेन्ड' लिहितात, म्हणजे कारण सापडलं नाही. घरी गेल्यावर सासूला, जावेला त्याचा अर्थ सांगायचं काम बहुतेक वेळा तिच्या एकटीवरच येतं.