ओसरीवरचा वर्ग

या माहितीपटाच्या पहिल्या दृश्यात सकाळचे सहा वाजले आहेत. सेवाग्राम आश्रमाच्या अंगणात झाडू मारणाऱ्या या मुलामुलींनी अद्याप एकही रुग्ण तपासलेला नाही. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत एमबीबीएसला प्रवेश मिळाल्यावर त्यांचे पहिले पंधरा दिवस सफाई, सूतकताई आणि सर्वधर्म प्रार्थना यांत जातात. गांधीजींच्या वैद्यकीय सहकारी आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, हे महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थ्यांना स्वयंसेवेकडे वळवणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभही त्याच वर्षीचा.

त्यानंतर येते ते गाव. कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या या रस्त्याने विद्यार्थ्यांची तुकडी सामाजिक सेवा शिबिरासाठी मुक्कामाला निघाली आहे. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबे येतात आणि शिबिर संपल्यावरही त्या घरांशी संबंध ठेवायचा असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम अलीकडे देशभरातील एमबीबीएस अभ्यासक्रमात आणला; सेवाग्रामात ही रीत कित्येक वर्षे जुनी आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. शिबिर अनिवार्य असताना त्याला स्वयंसेवा कशी म्हणायची, असे कोणी विचारील. मात्र दिवेलागणीनंतर त्याच घरी पुन्हा जाऊन बसणे कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते, आणि पुढची काही दृश्ये दिवेलागणीनंतरचीच आहेत.

ओसरीवर हिमोग्लोबिनची तपासणी चालली आहे. अनामिकेला सुई टोचायची, पहिला थेंब कापसाने पुसून टाकायचा आणि दुसरा घ्यायचा, एवढे पुस्तकात आहे. परराज्यातून आलेली ही विद्यार्थिनी जपून, पाठ केल्यासारख्या मराठीत समोरच्या बाईंना सांगते, "तुम्हाला रक्तक्षय आहे." बाई तिच्याकडे नुसत्या पाहत राहतात. शेजारी बसलेली म्हातारी हसून म्हणते, "अवं बाई, रगत कमी हाय म्हन ना!"

खरा अभ्यास सुरू होतो तो येथून. लोहाच्या गोळ्या दिल्या म्हणजे त्या पोटात जातीलच असे नाही. गोळीने शौचाचा रंग काळा होतो. हे आधी सांगितले नाही, तर बाई घाबरून गोळी बंद करतात. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह शरीरात नीट शोषले जात नाही. त्याऐवजी लिंबूपाणी घेतले तर चांगले. पण दिवसातून चार वेळा चहा होणाऱ्या घरात नुसते "चहा घेऊ नका" म्हणून भागत नाही; त्या घराचे वेळापत्रक विचारून, गोळीची वेळ दोन चहांच्या मध्ये बसवावी लागते. आणि "समजले का?" या प्रश्नाला गावात कोणी नाही म्हणत नाही. म्हणून विद्यार्थी हळूहळू प्रश्न बदलायला शिकतात: "काकू, हे घरी सासूबाईंना कसे सांगाल?" उत्तर अडखळले, तर चूक सांगणाऱ्याची असते. वैद्यकाचे आणि अध्यापनाचे शिक्षण इतक्या जवळजवळ बसलेले आम्हांला या चित्रीकरणात दुसरीकडे कोठे दिसले नाही.

शाळेच्या पटांगणात काही जण रांगोळीने गावाचा नकाशा काढत आहेत. विहिरी, हातपंप, उकिरडे यांच्या जागा गावकरी सांगतात, विद्यार्थी रेषा ओढतात. एक हातपंप चुकीच्या गल्लीत पडतो, तेव्हा तिसरी-चौथीतली मुले ओरडून तो योग्य जागी आणवतात. येथे भावी डॉक्टर विद्यार्थी आहेत आणि गाव शिकवणारे आहे.

अशा शिबिरांतून गेलेले काही जण पुढे ग्रामीण रुग्णालयांत रुजू होतात, तर काही वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागतात.

रात्र झाली आहे. शाळेच्या वऱ्हांड्यात दिव्याखाली ती विद्यार्थिनी वही उघडून बसली आहे. कुटुंबाच्या नोंदीत 'रक्तक्षय' या शब्दाशेजारी तिने पेन्सिलीने 'रगत कमी' असे लिहिले आहे, आणि त्याखाली घरातल्या चहाच्या चारही वेळा.