देवनार, गोराई आणि क्षेपणभूमी बंद झाल्यानंतरची वर्षे

(दृश्य : देवनार, सकाळ. ड्रोनमधून खाडीच्या बाजूने.)

देवनारच्या या खाडीकाठी 1927 पासून मुंबईचा कचरा येऊन पडतो आहे. एका बाजूला कांदळवन आणि ठाण्याची खाडी, तर दुसऱ्या बाजूला शिवाजी नगर आणि रफिक नगरची छपरे थेट ढिगाच्या उतारापर्यंत पोहोचलेली दिसतात. महापालिकेने 2025 मध्ये काढलेल्या निविदेनुसार येथील सुमारे 110 हेक्टर जमिनीवर 185 लाख टन जुना कचरा साठलेला आहे. या ढिगांची सुरुवात झाली तेव्हा कचऱ्याखाली काही अंथरले पाहिजे, असे सांगणारा कोणताही नियम अस्तित्वात नव्हता. त्यामुळे पावसाचे पाणी ढिगात मुरते, कुजलेल्या थरांतून खाली उतरताना काळे होते आणि तळाशी अडवणारे काहीच नसल्याने खाडीच्या दिशेने झिरपत राहते.

(दृश्य : डंपर रिकामा होत आहे. वर घिरट्या घालणाऱ्या घारी.)

पडद्यावर दिसणाऱ्या या घारींची दखल अनेक देशांच्या कचरा-नियमांनी घेतलेली आहे, कारण विमानाच्या मार्गात आलेला पक्षी अपघाताला कारण होऊ शकतो. अमेरिकेच्या नियमांनुसार जेट विमानांच्या धावपट्टीपासून 10 हजार फुटांच्या, म्हणजे साधारण तीन किलोमीटरच्या आत क्षेपणभूमी, म्हणजे कचरा टाकण्याची जागा, असेल, तर पक्ष्यांचा धोका नाही हे चालकाला सिद्ध करावे लागते. भारताच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे अंतर 20 किलोमीटर ठरवले. नियम म्हणून आपला नियम कितीतरी कडक आहे. मात्र देवनार आणि कांजूरमार्ग या मुंबईच्या दोन्ही क्षेपणभूमी सांताक्रूझच्या विमानतळापासून या अंतराच्या आतच आहेत.

(दृश्य : मेजावर काळ्या जिओमेम्ब्रेनचा तुकडा, शेजारी नियमांची प्रत.)

हातात धरला तर हा काळा तुकडा बूटाच्या चामड्याइतका जाड लागतो. क्षेपणभूमीच्या तळाशी असे दीड मिलिमीटर जाडीचे, पाणी न झिरपू देणारे प्लास्टिकचे आवरण आणि त्याखाली 90 सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती असावी, असे 2016 चे नियम सांगत होते. ही माती इतकी घट्ट हवी की पाणी तिच्यातून सेकंदाला एक सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा अधिक वेगाने जाऊ नये. अमेरिकेने 1991 मध्ये केलेल्या नियमांत आवरणाची जाडी जवळजवळ तेवढीच आहे, मातीच्या घट्टपणाचा निकषही तोच आहे, मात्र मातीचा थर दोन फुटांचा, म्हणजे 60 सेंटिमीटरचाच पुरेसा मानलेला आहे. युरोपीय संघाच्या 1999 च्या निर्देशात पाणी जाण्याचा कमाल वेग हाच असून थर एक मीटरचा आहे. आपले नियम ढिले आहेत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तळाच्या बांधणीपुरते बोलायचे तर ती खरी नाही. दररोजच्या कचऱ्यावर किमान 10 सेंटिमीटर माती किंवा राडारोडा टाकावा आणि पावसाळ्याआधी 40 ते 65 सेंटिमीटरचा थर देऊन उतार काढावा, ही तरतूदही आपल्या हवामानाचा विचार करूनच लिहिलेली होती.

(दृश्य : जानेवारी 2016 मधील धुराची संग्रहित दृश्ये.)

देवनारला जानेवारी 2016 च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, आजूबाजूच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि श्वसनाचा त्रास झालेल्यांची गर्दी दवाखान्यांत झाली. त्यानंतरच्याच महिन्यात कचऱ्याचे नियम पाळले जात नसल्याच्या कारणावरून मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांवर निर्बंध घातले, जे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरते उठवले.

(दृश्य : गोराई. हिरवळ, तिच्यातून वर आलेले वायूचे पाइप.)

आता गोराईकडे पाहू. येथे सुमारे 20 हेक्टरांवर 1972 पासून 2007 पर्यंत कचरा टाकला गेला. त्यानंतर ढिगाला उतार दिला गेला, वरून आवरण आणि मातीचे थर घातले गेले, खाडीच्या बाजूने भिंत उभारली गेली आणि आत साचणारा मिथेन बाहेर काढण्यासाठी विहिरी खोदल्या गेल्या. ही हिरवळ त्या थरांवरची आहे. या पाइपांजवळ उभे राहिले म्हणजे लक्षात येते की वरून बाग दिसणाऱ्या या जमिनीखाली कुजण्याची क्रिया अजून थांबलेली नाही. मुंबईत एखादी क्षेपणभूमी शास्त्रोक्त पद्धतीने बंद करता येते, याचा हा पुरावा आहे, आणि तो अभिमानाने दाखवावा असाच आहे.

परंतु अन्य देशांच्या नियमांशी खरी तफावत येथूनच पुढे सुरू होते. बंद झालेल्या क्षेपणभूमीवर किमान 15 वर्षे देखरेख ठेवावी, असे आपले 2000 चे नियम सांगत होते आणि 2016 च्या नियमांनीही तीच मुदत कायम ठेवली. गोराईचे काम 2009 च्या सुमारास पुरे झाले, तेव्हापासून मोजली तर ही मुदत 2024 मध्येच संपते. अमेरिकेत हीच देखरेख 30 वर्षांची आहे, म्हणजे तेथे असती तर गोराईची जबाबदारी 2039 पर्यंत चालली असती, आणि धोका शिल्लक असल्यास तीही वाढवता आली असती. त्याहून महत्त्वाची बाब पैशाची आहे. अमेरिकेत क्षेपणभूमी बंद करण्याच्या व नंतरच्या देखभालीच्या खर्चाची हमी चालकाला विश्वस्त निधी, बँकेचे हमीपत्र, विमा अशा एखाद्या मार्गाने आधीच द्यावी लागते. स्थानिक संस्थेला आपली आर्थिक क्षमता दाखवूनही ती देता येते. युरोपीय संघात कचरा टाकण्यासाठी जो दर आकारला जातो, त्यातच क्षेपणभूमी बंद करण्याचा आणि किमान 30 वर्षांच्या देखभालीचा अंदाजित खर्च धरलेला असावा लागतो. म्हणजे आज टाकलेल्या प्रत्येक टनाबरोबर उद्याचा खर्च बाजूला पडत जातो. मुंबईत मात्र तो खर्च ढीग वाढून झाल्यावर आणि जमीन हवी झाल्यावर निविदेच्या रूपाने समोर येतो. देवनारच्या निविदेचा अंदाजित खर्च 2,368 कोटी रुपये होता.

(दृश्य : मुलुंड. उत्खनन यंत्रे, फिरती चाळणी, पट्ट्यावरून पडणारे प्लास्टिक.)

जुना ढीग हटवण्याचे काम कसे चालते, हे मुलुंडला जवळून दिसते. येथे 1968 पासून 2018 पर्यंत कचरा टाकला गेला आणि सुमारे 70 लाख टन कचरा 24 हेक्टरांवर साचला. प्रथम ढीग उकरून मोकळा करतात, लांबट रांगांत पसरवतात, त्यावर जिवाणूंचे द्रावण फवारून तो काही आठवडे अधूनमधून परततात. वास आणि ओल कमी झाली की तो या फिरत्या चाळणीत जातो. भोकांतून खाली पडते ती मातीसारखी भुकटी. दगड-विटा वेगळ्या होतात. आणि पट्ट्याच्या टोकाला उरतात प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, दोरखंड, चपला. यातील जळण्याजोगा भाग सिमेंटच्या भट्ट्यांकडे पाठवता येतो. या कामाची मूळ मुदत वाढवावी लागली आहे.

(दृश्य : कांजूरमार्ग. प्रवेशद्वाराबाहेर कचरागाड्यांची रांग.)

आज शहराचा बहुतांश कचरा कांजूरमार्गला येतो. ही सुमारे 120 हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवणारा निर्णय उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ओला कचरा, पुनर्वापराजोगा सुका कचरा आणि जळण्याजोगा कचरा क्षेपणभूमीत जाऊ नये, असे 2016 चे नियमही सांगत होते. जर्मनीने प्रक्रिया न केलेला कचरा पुरण्यास जून 2005 पासून मनाई केली, दक्षिण कोरियाने त्याच वर्षी अन्नाचा कचरा थेट पुरणे थांबवले, आणि ब्रिटनने 1996 पासून पुरलेल्या प्रत्येक टनावर कर बसवून तो सात पौंडांवरून शंभरांच्या पुढे नेला.

देवनारचा ढीग हलवण्याचे कंत्राट मार्गी लागत असताना महापालिकेने कांजूरमार्गच्या प्रत्येक टनामागे देखभालीची रक्कम स्वतंत्र खात्यात जमा करण्यास आत्ताच सुरुवात करावी, देखरेखीची मुदत 30 वर्षे धरावी, आणि गोराईसह सर्व क्षेपणभूमींतील मिथेनच्या व झिरपणाऱ्या पाण्याच्या चाचण्यांचे निकाल दर तीन महिन्यांनी त्या त्या विभाग कार्यालयात मराठीतून लावावेत.