‘ट्रान्झिट’ बघताना कागदांवर नजर ठेवा

नमस्कार मंडळी. जर्मन दिग्दर्शक क्रिस्टियान पेट्झोल्टचा ‘ट्रान्झिट’ हा सिनेमा लावला की पहिल्या दहा मिनिटांतच माणूस गोंधळतो. गोष्ट जर्मन फौजा पॅरिसवर चालून येतात तेव्हाची, म्हणजे १९४० ची. पण रस्त्यावर गाड्या आजच्या आणि पोलिसांच्या अंगावर आजचे गणवेश. एकही स्वस्तिक दिसत नाही. हे सगळं मुद्दाम केलंय. पेट्झोल्टने जर्मन लेखिका आना झेगर्सची कादंबरी घेतली आणि २०१८ च्या सिनेमात ती आजच्या मार्सेयच्या रस्त्यांवर उभी केली. त्यामुळे साल शोधत बसू नका, पात्रांच्या हातात कोणता कागद आहे ते बघा.

(पडद्यावर: फ्रान्सचा नकाशा, मार्सेय बंदर)

थोडा इतिहास. जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. त्या तहाचं १९ वं कलम असं होतं की जर्मनी ज्या जर्मन माणसांची नावं देईल, त्यांना फ्रान्सने ताब्यात द्यायचं. हिटलरपासून पळून फ्रान्समध्ये आलेले लेखक, ज्यू, कम्युनिस्ट एका फटक्यात सापळ्यात सापडले. दक्षिणेतला मार्सेय नोव्हेंबर १९४२ पर्यंत जर्मन ताब्यात गेला नव्हता आणि तिथून जहाजं सुटत होती, म्हणून सगळी गर्दी तिकडे.

आता सुटायचं कसं? आधी जिथे जायचं त्या देशाचा व्हिसा, समजा मेक्सिकोचा. मग वाटेत लागणाऱ्या प्रत्येक देशाचा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे तिथून फक्त पुढे जाण्याची परवानगी, मग जहाजाचं तिकीट, आणि शेवटी फ्रान्स सोडण्याचा परवाना. प्रत्येकाची मुदत वेगळी आणि प्रत्येकासाठी आधीचा हातात हवा. चौथा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपते, नाहीतर जहाजच रद्द होतं, आणि माणूस पुन्हा पहिल्या रांगेत. त्यात तोवर मार्सेयमध्ये राहायलाही परवाना लागतो, आणि तो कुणाला मिळतो? आपण इथून जाणार आहोत हे जो सिद्ध करेल त्याला! झेगर्स स्वतः या चक्रातून गेल्या होत्या. २४ मार्च १९४१ ला त्या ‘कापितेन पॉल लमर्ल’ या जहाजाने मुलांसह निघाल्या आणि पुढे मेक्सिकोला पोचल्या.

हे डोक्यात ठेवलं की सिनेमातली छोटी पात्रं कळायला लागतात. काराकासला निघालेला तो ऑर्केस्ट्रा कंडक्टर वाट बघता बघताच मरतो. दोन कुत्री सांभाळणारी ती बाई बघा. कुत्री तिची नाहीतच, ती अमेरिकन मालकांची आहेत. ती कुत्री सुखरूप राहिली तर मालक तिच्यासाठी हमी देणार. तिचा कागद म्हणजे ती दोन कुत्री.

आणि मुख्य गोष्टही एका नावावर चालते. नायक गेऑर्ग (अभिनेता फ्रान्झ रोगोव्स्की) पॅरिसमध्ये वाइडेल नावाच्या लेखकाला पत्रं द्यायला जातो. लेखकाने हॉटेलात आत्महत्या केलेली असते. गेऑर्ग त्याची कागदपत्रं घेऊन मार्सेयला येतो आणि मेक्सिकोच्या वकिलातीत त्यालाच वाइडेल समजतात. तो गप्प राहतो. इथे एक जागा नीट ऐका. वाइडेलची बायको मारी नवऱ्याला शोधत वकिलातींचे उंबरठे झिजवते, आणि कारकून तिला सांगतात की तुमचे यजमान आत्ताच येऊन गेले. मेलेला माणूस फाइलमध्ये जिवंत असतो आणि त्यामुळे ती शहर सोडायला तयार होत नाही. हा गुंता इतका घट्ट विणलेला आहे की निव्वळ प्रेमत्रिकोण म्हणून सिनेमा पाहिला तर त्यातलं अर्धं हातून निसटतं.

अमेरिकन वकिलातीतला प्रसंग तर थांबून बघा. अधिकारी ‘वाइडेल’ला विचारतो, या अनुभवांवर लिहिणार का? गेऑर्ग नकार देतो आणि शाळेतल्या सुट्टीवरच्या निबंधांची आठवण सांगतो. तो लेखक नाहीये, तरी त्या क्षणी लेखकापेक्षा खरं बोलतो. रोगोव्स्कीचा आवाज इथे जेमतेम बाहेर पडतो.

एक तांत्रिक सूचना: डबिंग टाळा. पात्रं जर्मन आणि फ्रेंच दोन्ही बोलतात, आणि कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं यावरून परका कोण ते कळतं. निवेदक सांगतो ते आणि चित्रात दिसतं ते काही ठिकाणी जुळत नाही. सबटायटल चुकलं असं समजू नका, ती पटकथेतलीच योजना आहे.

याच रांगेचं दुसरं टोक मारिया श्राडरच्या ‘फोर डेर मॉर्गेनरोटे’मध्ये आहे, २०१६ चा. हा ऑस्ट्रियन ज्यू लेखक स्टीफन झ्वाइगच्या शेवटच्या वर्षांवर आहे. योझेफ हाडर झ्वाइग झालाय, आणि त्याने दुःखाचं कुठेही प्रदर्शन मांडलेलं नाही. झ्वाइगकडे ब्रिटिश नागरिकत्व होतं, ब्राझीलने त्याला डोक्यावर घेतलं होतं. सिनेमातल्या जानेवारी १९४१ च्या न्यूयॉर्कच्या भागात कळतं की युरोपात अडकलेले लोक पत्रांवर पत्रं पाठवताहेत: आमच्यासाठी हमी द्या, शब्द टाका. एक माणूस किती जणांसाठी शब्द टाकणार? फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्राझीलमधल्या पेत्रोपोलिसला झ्वाइग पती-पत्नींनी जीवन संपवलं. श्राडर ते थेट दाखवत नाही. कॅमेरा एका जागी, खोलीत माणसांची ये-जा, आणि कपाटाचं दार हललं की आरशात पलंग दिसतो.

तिसरा, कारोलिने लिंकचा ‘निर्गेंडवो इन आफ्रिका’, २००१ चा, सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. ज्यू असल्यामुळे जर्मनी सोडून रेडलिश कुटुंब केनियात येतं, आणि १९३९ ला युद्ध पेटताच ब्रिटिश त्यांना जर्मन म्हणून अडकवतात. हाच नियम आपल्याकडेही लागला होता. अहमदनगरच्या छावणीत तेव्हा जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक डांबले गेले, त्यांत हिटलरपासून पळालेले ज्यूही होते.

तिन्ही बघायचे असतील तर लिंकच्या सिनेमापासून सुरुवात करा, त्याची गोष्ट सरळ आहे. मग झ्वाइग, आणि शेवटी ‘ट्रान्झिट’. तोपर्यंत रांगेतला कोण कशासाठी उभा आहे ते न सांगता कळायला लागतं.