खोक्याची खुर्ची

(दृश्य : किराणा दुकानामागे रचलेली रिकामी खोकी)

बिस्किटांची, साबणाची, तेलाच्या पिशव्यांची ही खोकी एरवी रद्दीत गेली असती. त्यातली आठ-दहा आज साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या घरी चालली आहेत. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. अशा मुलांच्या आयांच्या बोलण्यात नुसतं ‘सीपी’. वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच झालेली ही इजा. ती पुढे वाढत नाही. पण तिच्यामुळे ताठरलेले स्नायू वाढत्या हाडांना रोज ओढत राहतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, पाठ मागे ताणली जाते.

थेरपी आठवड्यातून एकदा, तासभर. आठवड्याचे तास 168. बाकीचे 167 तास मूल कसं निजतं, कसं बसतं, त्याला कसं उचललं जातं, यावर अंगाची घडण ठरते. खुर्ची हवी ती त्यासाठी, आणि ती या खोक्यांच्या पुठ्ठ्यातूनच होते.

(दृश्य : शिंप्याची टेप, मुलीचा गुडघा)

आधी माप. मूल स्टुलावर, मागून कुणीतरी धरलेलं, गुडघे काटकोनात. खुर्चीची बैठक पुढून मागे किती खोल, तर पाठीच्या टेकूपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचं अंतर, त्यातून दोन बोटं वजा. ही दोन बोटं सोडली नाहीत तर बैठकीची कड पोटरीत रुतते आणि ती चुकवायला मूल पुढे घसरतं. रुंदी नितंबांएवढी, दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त. उंची खळगीपासून टाचेपर्यंत. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे. पाय लोंबते राहिले की सगळं अंग आणखी ताठरतं. ट्रे कोपराच्या उंचीवर.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून खुर्ची ऐसपैस करतात. गणवेश वाढत्या अंगाचा शिवावा, खुर्ची नाही. मोठ्या खुर्चीत मूल एका अंगावर कलतं आणि पाठीचा कणाही तसाच वाकत जातो.

(दृश्य : गॅसवर पातेलं, ढवळणारा हात)

पुठ्ठ्यापासून फर्निचर करण्याची ही पद्धत झिंबाब्वेत बरीच विकसित झाली. साहित्य मात्र आपल्याच स्वयंपाकघरातलं. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि खळ पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायची. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात. इथे अजिबात घालू नका. मोरचूद विषारी असतं आणि मूल खुर्ची चाटणार.

खोकी पाच प्लायची, म्हणजे नळ्यांच्या दोन रांगा असलेल्या जाड पुठ्ठ्याची घ्यायची. अशा पुठ्ठ्याचे पाच थर एकावर एक चिकटवले की साधारण तीन सेंटिमीटरची फळी होते. पुठ्ठ्यातल्या नळ्या एका थरात उभ्या, पुढच्यात आडव्या. सगळ्या एकाच दिशेला राहिल्या तर फळी तिथेच दुमडते. खळ पातळ लावायची, थापायची नाही, नाहीतर ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. रात्रभर गव्हाच्या पोत्याखाली दाबायची, मग तीन-चार दिवस सावलीत, वाऱ्याला उभी. थेट उन्हात एक बाजू आधी आकसते आणि फळी वाकते. कोकणात आषाढ-श्रावणात तर हे काम हाती घेऊच नये.

जोडाला बांबूच्या खुंट्या. कोपऱ्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, कात्रीने कापलेल्या नव्हे तर हाताने फाडलेल्या. फाटकी कड सपाट बसते. वर ऑइल पेंटचे दोन हात, बैठकीला रेक्झिन. लघवी मुरली की पुठ्ठा गेला.

पाय फाकलेले राहावेत म्हणून मध्ये एक खुंट, कापसाने मढवलेला, गुडघ्यांच्या जवळ. घसरणारं मूल जांघेत अडवणं हे त्याचं काम नाही, ते पट्ट्याचं. आणि पट्टा पोटावर नको; मांडी जिथे दुमडते तिथून, तिरका, मागे-खाली ओढलेला. पोटावरचा पट्टा वर सरकत गळ्यापर्यंत येऊ शकतो. खुर्चीतलं मूल एकटं सोडायचंच नाही.

मुलीच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाने बसून, हलून पाहायचं.

(दृश्य : मुलगी खुर्चीत, समोर वाटी-चमचा)

पहिले काही दिवस दहा मिनिटं, मग अर्धा तास. दिवसभर बसवणंही वाईट, कारण खुबे-गुडघे दुमडलेलेच राहतात. उठवल्यावर कातडीवरचा लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर गादी किंवा माप चुकलंय.

खुर्चीचा फरक सगळ्यात आधी जेवणात दिसतो. मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवलं की घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. आता हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून. गुरगुट्या भात, मऊ खिमट जमतं. ठसका जास्त लागतो तो पाण्याचा. जेवताना खोकला, नंतर घोगरा-ओला आवाज, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, ही लक्षणं असतील तर थेरपिस्टला लगेच दाखवावं.

आजी तिला कडेवर घेते, दोन पाय कमरेच्या दोन बाजूंना. कात्री उघडणारा याहून सोपा उपाय नाही. मालिशही चालू द्यावी. फक्त पाय जोराने ओढून सरळ करायचे नाहीत. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात.

(दृश्य : अंगणवाडी, दुपार)

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. चार महिन्यांनंतरही मान न धरणं, मुठी घट्ट मिटलेल्या राहणं, वर्षाच्या आत एकच हात वापरणं, एवढं दिसलं तरी पथकाची वाट पाहत बसू नये. खुब्याचा एक्स-रे ठरावीक काळाने काढावा. खुबा न दुखताही हळूहळू निसटतो. सेरेब्रल पाल्सीसारख्या अपंगत्वासाठी काम करणाऱ्या, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते, थेरपीचा धरून.

दुपारी इथे पाच-सहा आया जमतात. एकीने कापायचं, दुसरीने चिकटवायचं, तिसरीने सगळ्यांची मुलं सांभाळायची. अंगणवाडीतही अशीच एक खुर्ची हवी, म्हणजे मूल भिंतीशी आडवं पडून राहत नाही, गोलात बसतं.

सहा महिन्यांनी पुन्हा टेप काढायची. जुनी खुर्ची मोठी करता येत नाही, पण लहान करता येते: पाठीला पुठ्ठ्याचे दोन थर, पायाखाली एक फळी. म्हणून ती आपल्यापेक्षा लहान मुलाच्या घरी जाते.