उंदीर पडला की गाव उठायचे

(दृश्य : कृष्णाकाठचे गाव, कौलारू घरे, गावाबाहेरचा माळ.)

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत प्लेगच्या आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : "उंदीर पडला की गाव उठायचे." आढ्यावरचा उंदीर मरून जमिनीवर पडलेला दिसला, की धान्य, भांडी, शेळ्या आणि अंथरुणाला खिळलेली माणसेसुद्धा बरोबर घेऊन कुटुंबे शिवारात खोपट घालून राहत आणि साथ ओसरल्याशिवाय गावात पाऊल टाकत नसत. साथ कशी पसरते याचे समीकरण या माणसांनी मांडले नव्हते. मात्र आधी उंदीर मरतात आणि काही दिवसांनी माणसांना गाठी येतात, हा क्रम त्यांनी अचूक हेरला होता. ही साथ मुंबईत १८९६ मध्ये आली आणि लवकरच घाट चढली. नायगावच्या, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

(दृश्य : आलेख. आठवड्यागणिक चढत जाणारे ठिपके, मग उतार.)

याच साथीच्या आकड्यांवर पुढे साथरोगांच्या गणितातला सर्वांत प्रसिद्ध आलेख उभा राहिला. मुंबई बेटावर डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, याची नोंद उपलब्ध होती. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील विल्यम करमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये ती वापरली. मॅकेंड्रिक भारतातील वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर होते, तर करमॅक हे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीतून बाहेर पडलेले. नव्या लागणींचा वेग पहिल्या दोन गटांच्या गुणाकारावर ठरतो, एवढ्या साध्या गृहीतकातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला. साथ थांबायला सगळ्यांना लागण व्हावी लागत नाही. लागण होण्याजोगी माणसे एका मर्यादेखाली विरळ झाली, की ती आपोआप मंदावते आणि पुष्कळ जण तिच्या तावडीतून सुटतात. त्यांच्या सूत्रानुसार मुंबईची साथ सतराव्या आठवड्यात, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंच्या शिखरावर पोहोचते, आणि प्रत्यक्षातले ठिपके त्या वक्ररेषेवर छान बसतात.

आमच्या मते इथेच थांबून शंका घ्यायला हवी, कारण या समीकरणात उंदीर कुठेच नाही. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसापर्यंत येतो. दोघा शास्त्रज्ञांना हे माहीत होते, आणि आपले सूत्र ढोबळ आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदवले होते. पण पिसवांना कडक, कोरडा उन्हाळा मानवत नाही. त्यामुळे साथ उतरण्यामागे माणसे विरळ झाल्यापेक्षा ऋतू बदलल्याचा वाटा मोठा असू शकतो. मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे जवळपास त्याच महिन्यांत परतत राहिला, हे एका लाटेच्या सूत्राने उलगडत नाही. फ्रान्सचे गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये ऋतुमान, उंदीर आणि पिसवा धरून हीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा ही उणीव स्पष्ट झाली. रेषा ठिपक्यांवर बसली म्हणून कारण सापडले, असे होत नाही. खोपटात राहायला गेलेल्या शेतकऱ्याच्या हिशेबात उंदीर होता. त्या प्रसिद्ध आलेखात नव्हता.

(दृश्य : इस्लामपूर, वाळवा तालुका. बंद बाजारपेठ.)

२३ मार्च २०२० रोजी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे स्पष्ट झाले आणि महिनाअखेरीस हा आकडा विसापलीकडे गेला. इथे मध्ये प्राणी नव्हता. विषाणू थेट माणसाकडून माणसाकडे जात होता, म्हणजे १९२७ चे गृहीतक प्लेगपेक्षा इथेच अधिक लागू पडते. एक रुग्ण सरासरी तिघांना बाधित करत असेल, तर एकाचे तीन, तिघांचे नऊ, नवांचे सत्तावीस होतात. तीनपैकी दोन संपर्क तोडता आले, तर साखळी वाढायची थांबते. मात्र कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो, हे गृहीतक इस्लामपुरातही टिकले नाही, कारण लागण बहुतांशी एकाच गोतावळ्यात आणि निकटच्या संपर्कात फिरत होती. त्याचाच फायदा झाला : संपर्कांची यादी करता आली, परिसर बंद करता आला आणि एप्रिलमध्ये त्यांतले बहुतेक जण बरे होऊन घरी परतले. पुढे २०२१ मध्ये राज्यात इतरत्र दुसरी लाट ओसरत असताना सातारा, सांगली आणि कोल्हापुरात रुग्णसंख्या बराच काळ चढीच राहिली. राज्याच्या सरासरीत हे चित्र दिसत नव्हते.

(दृश्य : कोयना धरण, पावसाळा, वक्र दरवाजे.)

हेच गणित शरीराच्या आतही चालते, आणि ते समजायला पाटण तालुक्यातले कोयना धरण पुरेसे आहे. भर पावसात जलाशयाची पातळी दिवसभर हलली नाही, म्हणजे पाणी स्थिर आहे असे नव्हे; जितकी आवक तितकाच विसर्ग, एवढाच त्याचा अर्थ. आवक एकदम थांबली, तर पातळी ज्या वेगाने उतरेल, त्यावरून आधी किती पाणी येत होते ते काढता येते. एचआयव्ही रुग्णाच्या रक्तातील विषाणूंची पातळी वर्षानुवर्षे जवळपास तेवढीच राहते, म्हणून विषाणू सुप्त आहे, असा समज पूर्वी होता. १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधक अ‍ॅलन पेरेल्सन, डेव्हिड हो आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांना औषध देऊन ही आवक रोखली आणि उतार मोजला. शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होत होते आणि जवळपास तितकेच नष्ट होत होते.

इतक्या प्रचंड संख्येने नकला होताना चुका होणारच, आणि एका औषधाला दाद न देणारा विषाणू कधीतरी निपजणारच. एकत्र दिलेल्या तीन औषधांना एकाच वेळी चुकवणारा विषाणू निपजण्याची शक्यता मात्र फारच कमी असते. आज साताऱ्यात किंवा सांगलीत एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीवरील उपचार केंद्राच्या, खिडकीतून रुग्णाच्या हातावर जी रोजची एक गोळी ठेवली जाते, तिच्यात बहुधा तीन औषधे एकत्र असतात.