राजीनाम्यानंतरचं लॉगिन

[पडद्यावर: ऑफिसचं दार. एक हात मशीनवर कार्ड टेकवतो.]

नोकरी सोडणाऱ्या माणसाकडून कंपनी आधी लॅपटॉप परत घेते. मग गळ्यातलं कार्ड, ड्रॉवरची किल्ली, पार्किंगचा स्टिकर. 'नो ड्यूज'च्या फॉर्मवर आयटी, अ‍ॅडमिन, अकाउंट्स अशा सगळ्यांच्या सह्या होतात, यथावकाश फुल अँड फायनलचे पैसे जमा होतात आणि कागदोपत्री माणूस मोकळा होतो. सर्व्हरवर तो अजून असतो. त्याचं लॉगिन, त्याच्या नावावरची कामं, त्याने लिहिलेले शेरे. कधी कधी तर त्याचा पासवर्डसुद्धा.

एरवी याची कुणाला आठवण होत नाही. ती होते, ऑफिसचं सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे ते बनवणाऱ्या कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, न्यायची वेळ येते तेव्हा.

आपण एकच उदाहरण घेऊ: जिरा. सिडनीच्या अ‍ॅटलासियन कंपनीने 2002 साली बाजारात आणलेलं सॉफ्टवेअर. बिघाड सापडला की तिकीट काढायचं, ज्याचं काम त्याच्या नावावर टाकायचं, झालं की बंद करायचं. हिंजवडी आणि खराडीतल्या कितीतरी टीमचा दिवस याच पडद्यावर सुरू होतो. अनेक वर्षं कंपन्यांनी ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं. लायसन्स टप्प्यांत मिळायचं: 10 माणसांचं, 25 चं, 50, 100, 250, 500. पाचशेच्या टप्प्यात 310 जण असोत की 480, पैसे तेवढेच. मग कोण कशाला यादी साफ करत बसेल? टप्पा ओलांडायची वेळ येईपर्यंत गेलेल्या माणसांचा खर्च शून्य होता.

ऑक्टोबर 2020 मध्ये अ‍ॅटलासियनने जाहीर केलं, की सर्व्हरवरची ही आवृत्ती बंद होणार. फेब्रुवारी 2021 मध्ये नवी लायसन्स थांबली आणि 15 फेब्रुवारी 2024 ला सपोर्ट संपला. क्लाउडवर हिशोब डोक्यामागे, महिन्याच्या महिन्याला. वर्षानुवर्षं न उघडलेली यादी आता थेट बिलात उतरणार होती.

[पडद्यावर: एक्सेल शीट. ओळी सरकत राहतात.]

फायनान्सचा माणूस ही शीट बघतो आणि म्हणतो, "गेलेत ना? मग डिलीट करा." वरवर रास्त वाटतं. पण खातं दोन कामं करतं. ते आत सोडतं, आणि कुणी काय केलं त्यावर नाव लिहितं. माणूस गेल्यावर पहिलं काम थांबलंच पाहिजे. दुसरं थांबवून कसं चालेल? दहा वर्षांपूर्वी पेमेंटच्या कोडमध्ये एक अट टाकली गेली. ती कुणी मागितली, कुणी तपासली, कुणी मंजूर केली? बँकेचा ऑडिटर नेमकं हेच विचारतो. अशा वेळी जुन्या तिकिटावर नावाऐवजी नुसतं 'माजी युजर' दिसलं, तर कंपनीकडे उत्तर उरत नाही. काही ठिकाणी तर आयटी विभागाने अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या लॉगिनच्या मध्यवर्ती यादीतून, खाती आधीच उडवलेली असतात. तिथे तिकिटावर पूर्ण नाव जाऊन मागे राहतं ते लॉगिनचं तुटकं रूप, दोन-चार अक्षरं आणि एखादा आकडा. हा कोण होता, हे सांगणारी व्यक्तीही बहुधा तोवर कंपनी सोडून गेलेली असते.

म्हणून जाणकार अ‍ॅडमिन 'डिलीट'ला हात लावत नाही. तो खातं निष्क्रिय करतो आणि निष्क्रिय अवस्थेतच क्लाउडवर नेतो. नाव तिकिटावर राहतं, दार बंद होतं, आणि त्या डोक्याचे पैसेही लागत नाहीत.

ऐकायला सोपं आहे. खरी गुंतागुंत ईमेलपाशी सुरू होते.

जुन्या सर्व्हरवर माणसाची ओळख म्हणजे त्याचं युजरनेम. ईमेल चुकीचा असला, रिकामा असला, दोघांचा एकच असला, तरी काही अडत नसे. क्लाउडवर ईमेल हीच ओळख. एका पत्त्याला एकच खातं. आता जरा जुनी यादी आठवा. कॉन्ट्रॅक्टवर आलेल्या पाच जणांना कंपनीने स्वतंत्र मेल दिलेच नव्हते, पाचही खात्यांवर सपोर्ट टीमचा सामायिक पत्ता टाकला होता. अ‍ॅटलासियनचं मायग्रेशनचं, म्हणजे सर्व्हरवरून क्लाउडवर नेण्याचं, साधन अशा जोड्या पकडतं आणि पर्याय देतं: सगळ्यांना एकात मिसळा, किंवा पहिल्याला मूळ पत्ता ठेवून बाकीच्यांना नवे पत्ते बनवून द्या. घाईत 'मिसळा' निवडलं, की पाच जणांचं काम एकाच माणसाने केल्यासारखं दिसू लागतं. त्यांचे अधिकार ठरवणारे ग्रुपही एकत्र येतात, म्हणजे ज्याला फक्त तिकीट वाचायचा अधिकार होता त्याला प्रोजेक्ट बंद करायचाही मिळू शकतो. आमच्या मते मिसळण्याचा पर्याय एकाच माणसाची दोन खाती निघाली तरच वापरावा, आणि तोही त्या माणसाला विचारून.

[पडद्यावर: सर्व्हर रूम. हिरवे दिवे.]

मुळात निष्क्रिय म्हणजे कोण? नव्वद दिवस लॉगिन नाही तो, असा सरसकट नियम बऱ्याच ठिकाणी लावतात. त्यात बाळंतपणाच्या रजेवरची सहकारी सापडते, कारण ती रजा कायद्याने 26 आठवड्यांची आहे. वर्षातून एकदा, मार्चअखेरीला लॉगिन करणारा अकाउंट्सचा माणूस सापडतो. शिवाय शेवटच्या लॉगिनची तारीख वाटते तितकी भरवशाची नसते. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत जी तारीख सगळ्या सर्व्हरवर पोचते, ती मुळातच चौदा दिवसांपर्यंत मागे राहू शकते.

आणि काही खात्यांमागे माणूसच नसतो. मध्यरात्री रिपोर्ट काढणारं, ग्राहकाच्या मेलमधून तिकीट बनवणारं, नवा कोड जोडताना बिल्ड तुटला की शेरा टाकणारं खातं. ते पडद्यावर येऊन कधीच लॉगिन करत नाही, म्हणून यादीत मेलेलं दिसतं. ते बंद केल्यावर सोमवारी सकाळी ग्राहकांचे मेल येत राहतात, पण तिकीट एकही बनत नाही. याच्या उलटही घडतं. एखाद्या प्रोजेक्टचा लीड म्हणून गेलेल्या माणसाचं नाव तसंच असतं आणि नवं काम आपोआप लीडच्या नावावर पडावं अशी सोय केलेली असते. लीड निष्क्रिय झाला की नवं तिकीटच निघेना. म्हणून खातं बंद करण्याआधी त्याच्या नावावर काय काय आहे ते बघावं लागतं: फिल्टर, डॅशबोर्ड, आपोआप चालणारे नियम, मंजुरीच्या पायऱ्या. ते सगळं कुणाच्या तरी हवाली करायचं आणि मगच बंद करायचं. ही माहिती एचआरकडे नसते, ती टीम लीडच्या डोक्यात असते. एवढं सगळं करायला वेळ लागतो, आणि मायग्रेशनच्या वेळापत्रकात नेमका याच कामाला सर्वांत कमी वेळ दिलेला असतो.

काहीच न करता सगळी खाती चालू ठेवून नेली तर? 7 मे 2021 रोजी अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने आपली सुमारे 8,850 किलोमीटरची इंधनवाहिनी थांबवली. देशाच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास 45 टक्के इंधन तिच्यातून जायचं. हल्लेखोर आत शिरले होते ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या वाटेने. ते वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं. पासवर्ड एकच, दुसरी पडताळणी नाही. कंपनीने 75 बिटकॉइनची खंडणी भरली, तेव्हाच्या भावाने सुमारे 44 लाख डॉलर. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकी सरकारने नंतर परत मिळवला. पण पेट्रोल पंपांपुढे रांगा लागायच्या त्या लागून गेल्या होत्या.

क्लाउडवर ही जोखीम आणखी उघडी पडते, कारण लॉगिनचं पान आता ऑफिसच्या भिंतीआड नसतं, जगात कुठूनही उघडतं. कंपनीच्या डोमेनवरची, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढे कंपनीचं नाव असलेली, खाती अ‍ॅडमिन स्वतः बंद करू शकतो, मात्र त्याआधी ते डोमेन आपलंच आहे हे सिद्ध करावं लागतं. जीमेलवर आलेल्या कॉन्ट्रॅक्टरचं खातं कंपनीचं नसतंच. त्याचा आपल्या साइटवरचा प्रवेश तेवढा काढून घेता येतो. ही माणसं एचआरच्या यादीत नसतात, त्यांचा नोटीस पिरियड कुणी मोजत नाही, आणि म्हणूनच सर्वांत जास्त विसरली जातात ती हीच.

आता दुसरी बाजू. गेलेला माणूस म्हणू शकतो, माझं नाव तुमच्याकडे नको. युरोपात 25 मे 2018 पासून तसा कायदा लागू आहे. भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवणं भाग नसेल, तर ती पुसा. क्लाउडवर प्रत्येक खात्याला नावापलीकडे एक अंतर्गत क्रमांक असतो. नाव पुसलं तरी क्रमांक राहतो, त्यामुळे कामांची साखळी तुटत नाही. मात्र नाव कुणाचं पुसायचं आणि ऑडिटसाठी कुणाचं ठेवायचं, हा निर्णय आयटीने एकट्याने घेण्याचा नाही. कायदा विभागाचा माणूस या बैठकीला पहिल्या दिवसापासून हवा.

[पडद्यावर: कॅलेंडरची पानं.]

2024 च्या मुदतीत काही मोठ्या कंपन्या क्लाउडवर गेल्याच नाहीत. त्यांनी स्वतःच्याच सर्व्हरवर चालणारी, मोठ्या कंपन्यांसाठीची डेटा सेंटर आवृत्ती घेतली, यादी होती तशीच ठेवली. सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅटलासियनने तिचीही मुदत सांगितली: 30 मार्च 2026 पासून नव्या ग्राहकांना विक्री बंद, आणि 28 मार्च 2029 नंतर ती फक्त वाचण्यापुरती. त्या कंपन्यांतूनही दर महिन्याला कुणी ना कुणी राजीनामा देतोच आहे, आणि 'नो ड्यूज'च्या फॉर्मवर जिराच्या खात्यासाठी अजून रकाना नाही.